लापशीचा दिवस : रोजनिशीतली काही पानं

३० मार्च २०२५, रविवार, बुलढाणा

आज पाडवा आणि रविवार एकाच दिवशी. गल्लीत गुढ्या उभ्या राहत होत्या आणि आम्ही बायबल-गीतपुस्तक घेऊन उपासनेला निघालो होतो. शेजारच्या काकूंनी जाता जाता हातावर गाठीचा तुकडा ठेवला.

उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "ईस्टरला बाप्तिस्मे आहेत, ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत." मग त्यांनी सहज विचारलं, "आपल्या बाप्तिस्म्याची तारीख किती जणांना पाठ आहे?" मोजकेच हात वर झाले. लग्नाची तारीख विचारली असती तर निदान बायकोच्या धाकानं तरी सगळ्या पुरुषांनी हात वर केले असते.

माझा हात वर होता, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माहेरी त्या तारखेला लापशी व्हायची आणि लापशीचा दिवस कोण विसरेल?

घरी आल्यावर लेक म्हणाली, "माझंही नाव द्या." दहावीची परीक्षा आटोपल्यापासून ती स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला लागली आहे. आम्ही दोघंही खूश झालो. तो आनंद जेवणं होईपर्यंत टिकला.

२ एप्रिल, बुधवार

कारण रविवारी जेवणं झाल्यावर प्रश्न आला : बाप्तिस्मा घ्यायचा कसा? ह्यांचा तान्हेपणी झालेला, डोक्यावर पाणी शिंपडून. माझा सतराव्या वर्षी, पाण्यात पूर्ण बुडवून.

आमच्या जिल्ह्याचे बोलीभाषेत दोनच भाग, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. ढोबळमानानं मिशनंही तशीच विभागली गेली. घाटावर नाझरीन. त्यांच्या भारतातल्या कामाची सुरुवात १८९८ची आणि बुलढाणा हे अगदी सुरुवातीच्या ठाण्यांपैकी एक. वाशिमचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना त्यांचाच, १९३८ सालचा. घाटाखाली अलायन्स, म्हणजे अमेरिकेतल्या ए. बी. सिम्प्सन यांनी उभी केलेली चळवळ. तिचं वऱ्हाडातलं मोठं ठाणं अकोला. अलायन्सवाले तान्ह्या बाळाचं अर्पण करतात, पण बाप्तिस्मा कळत्या वयात आणि तोही बुडवूनच. नाझरीनांच्या नियमात शिंपडणं, ओतणं, बुडवणं तिन्ही चालतं, निवड घेणाऱ्याची. बाळालाही देता येतो.

म्हणजे आमचं लग्न ही घाटावर-घाटाखालची सोयरीक. बैठकीत देण्याघेण्यावरून एक शब्द झाला नाही, पण पाण्याच्या खोलीवरून मध्यरात्र उलटली होती. माझे खामगावचे काका म्हणाले होते, "जावईबापूंना आपला बाप्तिस्मा आठवत तरी आहे का?" हे तेव्हा गप्प बसले. आज मात्र तोच विषय निघाल्यावर म्हणाले, "मला आठवत नाही म्हणून तो झाला नाही का? जन्म तरी कुणाला आठवतो?"

लेकीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रोजच्या दिवसात तुमच्या दोघांत काय फरक पडतो?" दोघांनाही उत्तर सुचलं नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारी बाप्तिस्म्याचा वर्ग. पाळकसाहेबांनी मला मदतीला बसवलं. मुलांचे प्रश्न सरळ असतात. एकानं विचारलं, "नाव बदलावं लागतं का?" सांगितलं, नाही. नीळकंठशास्त्री गोरे १८४८मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, पण बाबा पदमनजी १८५४च्या बाप्तिस्म्यानंतरही बाबा पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळकही १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाल्यावर टिळकच राहिले, आणि कवी म्हणून अख्खा महाराष्ट्र त्यांना त्याच नावानं ओळखतो.

दुसरी म्हणाली, "एका दिवसात माणूस बदलतो का?" तिला मी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार उधळला. काही वर्षं ताटातूट. पुढं एकत्र राहायला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं नाही, हे गणित त्यांनी एकेक घोट घेत सोडवलं आणि त्यानंतर स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना त्यांच्या बाप्तिस्म्यापेक्षा त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवसच जास्त लक्षात राहतात. संस्कार काही मिनिटांचा. शिजायला वर्षं लागतात.

१२ एप्रिल, शनिवार, खामगाव

बोथ्याच्या घाटानं खाली आलो. ज्ञानगंगा अभयारण्यातलं सागाचं रान पार वाळलेलं. घाट उतरला की उन्हाची झळ बदलते. आई ओसरीवर गहू निवडत बसली होती.

लेकीनं बसल्या बसल्या विषय काढला. आईला वाटलं, बुडवायचं की शिंपडायचं यावर तिचा कौल मागायला आलो आहोत. लेकीला लापशीबद्दल विचारायचं आहे हे कळल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

आईची आजी दुष्काळातली. १८९९-१९००चा तो दुष्काळ, वऱ्हाडात माणसं आणि गुरं सारखीच रस्त्यावर पडली. अलायन्स मिशननं तेव्हा अकोल्यात अनाथ मुलांना आणि खामगावात मुलींना आसरा दिला. आजी त्या मुलींमध्ये होती. गाव कुठलं, आईबाप कोण, जन्म कधीचा, काहीच ठाऊक नाही. मोठी झाल्यावर तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा वहीत तारीख लिहिली गेली. तिच्या आयुष्यातली पहिली लिहिलेली तारीख ती. मग तिनं तोच आपला वाढदिवस ठरवला.

"अन् लापशी?" लेकीनं विचारलं.

"त्या दिवशी मुलींना गुळाची लापशी भेटली व माय. आश्रमात नाना जातीच्या पोरी. पयल्या पयल्या एकीच्या ताटाजवळ दुसरी बसे नाही, उपाशी राहीन पण तिच्या संगं जेवणार नाही म्हणे. त्या दिवशी साऱ्या एका पंगतीत बसल्या. आजी म्हणे, पाणी तं वाळून गेलं, पंगत नाही मोडली."

पुढं आजीनं त्यात स्वतःची एक रीत घातली. घरात ज्याचा बाप्तिस्म्याचा दिवस असेल त्यानं लापशीचा पहिला वाडगा स्वतः खायचा नाही. वर्षभरात ज्याच्याशी अबोला झाला असेल त्याच्या दारात तो न्यायचा. अबोला नसेल तर ज्याच्या घरी आपण कधीच जेवलो नाही, त्याच्याकडे. मला आठवतं, एका वर्षी आईनं माझ्या हाती वाडगा दिला आणि मी तो पदराआड धरून बोळात बराच वेळ उभी होते. ज्या मैत्रिणीकडे न्यायचा होता तिच्या आईनं दार उघडलं, वाडगा घेतला, रिकामा न देता त्यात शेंगदाण्याचे लाडू घातले. आम्ही दोघी मैत्रिणी एकमेकींकडे न बघता हसलो.

निघताना आई लेकीला म्हणाली, "बुडव नाहीतं शिंपड. तारीख लिहून ठेव म्हणजे झालं."

१४ एप्रिल, सोमवार, बुलढाणा

बाबासाहेबांची जयंती. शाळेतलं अभिवादन झाल्यावर सहकारी मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या सासूबाईंना बाविसाच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ला त्यांचे वडील दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. ती तारीख त्यांच्या घरात लहान मुलालाही माहीत असते. दरवर्षी त्या दिवशी पांढरे कपडे, प्रतिज्ञांचं वाचन, जमलं तर दीक्षाभूमी. मनात आलं, शपथा आम्हीही घेतो. वाईटाचा त्याग करीन, प्रभूच्या मार्गानं चालेन असं मंडळीसमोर मोठ्यानं म्हणतो. आणि मग ते शब्द दाखल्याबरोबर ट्रंकेत जातात.

ट्रंकेत जाण्याला आणखीही एक कारण आहे, ते लिहायलाच हवं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. बौद्धांसाठी ही अट १९९०मध्ये दूर झाली, आमच्यासाठी अजून कायम आहे. त्यामुळे कित्येक घरांत बाप्तिस्मा आहे पण त्याचा उच्चार नाही. पोराच्या शिक्षणाचा प्रश्न असताना सण कसला साजरा करणार? अशा घरांना नावं ठेवायचा अधिकार मला वाटत नाही.

मैत्रिणीच्या सासूबाई महाडबद्दल बोलत होत्या : २० मार्च १९२७, चवदार तळं, ओंजळभर पाणी. मला आठवला आमच्या जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा चोखोबा. त्याला विठोबाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, आणि आज खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखासागर म्हणतात. पाण्यानं माणसाला दूर ठेवता येतं आणि पाण्यानंच जवळही घेता येतं, हे या मुलखाला शिकवायला नको. बाप्तिस्म्याचं पाणी यातलं दुसरं काम करत नसेल, तर ते नुसतं अंग भिजवतं.

१९ एप्रिल, शनिवार

रात्री ओळखीच्या सिस्टरांच्या आग्रहावरून कॅथलिक चर्चमध्ये पास्कासणाच्या जागरणाला जाऊन आले. अंधारात एका मोठ्या मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागतात. मग फादर प्रश्न विचारतात आणि लोक आपल्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, वचनं नव्यानं देतात. त्यानंतर पाणी शिंपडलं जातं. एरवीही ते लोक चर्चच्या दाराशी पाण्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात, ती याच आठवणीसाठी. आमच्यातल्या काहींना हे कर्मकांड वाटतं. मार्टिन लूथरनं १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीत लिहिलेलं पाहिलं तर त्याचा रोख याहून फार वेगळा नाही : आपल्यातला जुना माणूस रोज पश्चात्तापानं बुडवायचा आणि रोज नवा बाहेर काढायचा. एकदाच बुडवून भागत नाही, तो पोहायला शिकलेला असतो.

२० एप्रिल, ईस्टर

सूर्योदयाची उपासना झाली आणि तिथून थेट मळ्यात. आधी शेततळ्याचा विचार होता, पण त्यातला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं निसरडा होतो, पाय घसरला की वर येता येत नाही. म्हणून विहिरीजवळचा सिमेंटचा हौद ठरला. मळा आमच्या ओळखीच्या एका माळकरी शेतकऱ्याचा. त्यांनी होकार देताना एकच अट घातली होती, "आठच्या आत आटपा, मंग मले ठिबक सोडायचं हाय."

लेकीनं बुडवून घ्यायचं ठरवलं, पण पायरीवर उभं राहून आधी बापाला हाक मारली. पाळकसाहेबांच्या परवानगीनं ह्यांनी आणि त्यांनी मिळून धरलं तिला. पांढरा सलवार-कमीज, ओढणी चार ठिकाणी पिनांनी टाचलेली, पहाटेच्या पाण्यानं दातखिळी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं खाली गेली आणि खोकत वर आली, कारण ऐनवेळी नाक धरायला विसरली. काठावरच्या बायकांनी गाणं सुरू केलं होतं ते हसण्यात अर्धं बुडालं. मी टॉवेल घेऊन पुढं झाले. तिच्या केसांना शेवाळाचा वास येत होता.

पावणेआठला मोटर सुरू झाली. तेच पाणी वांग्यांना गेलं.

२७ एप्रिल, रविवार

येळगावच्या धरणातून पाणी येतं, पण नळ रोज येत नाही. आला की गल्लीत भांडण ठरलेलं. एका घराशी मोटर लावण्यावरून आमचं बोलणं बंद आहे. बाप्तिस्म्याला रोजच्या जगण्यात जागा कुठं, असा प्रश्न लेकीनं महिन्याच्या सुरुवातीला विचारला होता. मला वाटतं, ती जागा नळावर आहे. सकाळी तोंड धुताना "मी प्रभूची आहे" असं मनात म्हणणं सोपं आहे आणि ते म्हणावंच. पण मग घागरीची रांग लागते, आणि आपण खरंच कुणाचे आहोत ते तिथं गल्लीला दिसतं.

माझी तारीख मे महिन्यात येते. ह्यांचीही आम्ही दाखल्यावरून शोधून काढली. तान्हेपणीची असली तरी तारीख ती तारीख, लापशी दोघांचीही होईल. लेकीची २० एप्रिल कॅलेंडरवर लाल पेननं लिहून झाली आहे. पहिला वाडगा कुणाच्या दारात जायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही इतकंच.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी एवढंच म्हणाले आणि इथंही तेच लिहिते : आपल्या बाप्तिस्म्याची तारीख माहीत नसेल तर मंडळीच्या नोंदवहीत बघा, सेक्रेटरी दाखवतात. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते आहेत तोवर. तारीख सापडली की केक आणू नका, फोटो टाकू नका. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी काहीतरी गोड घेऊन जा. बुडवून झालेला असो की शिंपडून, बाप्तिस्मा पाळायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.