शिरोरेषा सरळ, काने पसरलेले

तक्रार सातवीच्या मुलांची होती. तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा, तिथला संगणक कक्ष. काही पडद्यांवरचं मराठी वाचताना डोळे दुखतात, शेजारच्या पडद्यावर मात्र तेच अक्षर स्वच्छ दिसतं, असं मुलं सांगत होती. संगणकाच्या सरांनी ही कुरकुर हसण्यावारी नेली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि मुलांनी दाखवलेल्या एकेका पडद्यापाशी नेऊन उभं केलं.

कक्षात कोपऱ्यातल्या टेबलावर एक दणकट सर्व्हर आणि भिंतीलगत ओळीनं मांडलेले थिन क्लायंट. शाळेत सगळे त्यांना ‘नोड’ म्हणतात. नोडच्या पेटीत हार्ड डिस्क नसते. ती सुरू झाली की नेटवर्कवरून लिनक्स उचलते. मुलांची कामं चालतात ती सर्व्हरवर आणि साठतातही तिथेच. या पद्धतीची एलटीएसपी ही मुक्त प्रणाली जिम मॅकक्विलन यांनी १९९९मध्ये सुरू केली आणि जुनी, कमी ताकदीची यंत्रं पुन्हा कामाला लावणाऱ्या कितीतरी शाळांना तिचा आधार झाला. या शाळेतल्या पेट्याही देणगीतल्या, जुन्याच. मॉनिटर तेवढे नवे, रुंद, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे.

बिघडलेल्या पडद्यावर सरांनी टक्स पेंट उघडून वर्तुळ काढलं. ते अंड्यासारखं आडवं पसरलं. मग मराठी धड्याची फाइल उघडली, तेव्हा मुलांची तक्रार किती नेमकी होती ते कळलं. शिरोरेषा अगदी धारदार होती. काने मात्र काही बारीक आणि काळे, तर काही जाड आणि राखाडी. ‘प’चा पोटातला कोपरा भरून गेलेला, अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटलेला.

याचा उलगडा आकड्यांत आहे. नोड १०२४ बाय ७६८चं चित्र पाठवत होता. उंचीचे ७६८ ठिपके मॉनिटरच्या ७६८ ठिपक्यांशी जसेच्या तसे जुळत होते, म्हणून आडव्या रेघा शाबूत. रुंदीचे १०२४ मात्र १३६६ वर ताणले जात होते, म्हणजे दर तीन ठिपके चार ठिपक्यांच्या जागेत बसवले जात होते. एका ठिपक्याचा काना कधी एकाच रांगेत नीट बसे, कधी दोन रांगांत अर्धा-अर्धा वाटला जाई. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला ठिपक्यांची अशी पक्की चौकट नव्हती, त्यामुळे तो वेगवेगळी रिझोल्यूशन बऱ्यापैकी पचवायचा. एलसीडीची चौकट कारखान्यातच ठरते. देवनागरीत इतके उभे दंड असताना हा आडवा ताण मराठी वाचणाऱ्याला आधी खुपणार, हे ओघानंच आलं.

पण मग नोड १०२४ बाय ७६८वरच का अडला होता?

मॉनिटर स्वतःची ओळख स्वतःच सांगतो. व्हेसा या संस्थेनं १९९४मध्ये ही पद्धत ठरवून दिली. मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये १२८ बाइटची नोंद असते: कंपनी कोणती, आकार केवढा, कोणतं रिझोल्यूशन सर्वांत योग्य. तिला ईडीआयडी म्हणतात. संगणक ती केबलमधूनच वाचतो. नोंद मिळाली नाही, तर लिनक्सचा गाभा अंगावर जोखीम घेत नाही. बहुतेक कोणताही मॉनिटर दाखवू शकेल अशी जुनी रिझोल्यूशन पुढे करतो आणि १०२४ बाय ७६८च्या वर जात नाही. आमचा आकडा तिथूनच आला होता. सेटिंगच्या खिडकीत त्यापेक्षा मोठा पर्यायच दिसत नव्हता, त्यामुळे तिथे कितीही माऊस फिरवला तरी हाती काही लागणार नव्हतं.

खात्री करणं सोपं असतं. लिनक्समध्ये ही नोंद एका फाइलच्या रूपात वाचता येते. बऱ्या नोडवर तिची लांबी १२८ भरली, बिघडलेल्या नोडवर शून्य. सरांनी दोन नोडच्या केबली आपसात बदलल्या आणि बिघाड केबलीबरोबर दुसऱ्या टेबलावर गेला. मॉनिटर निर्दोष सुटले, पेट्याही सुटल्या.

व्हीजीए केबलच्या तोंडाला पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिना असतात. चित्राचे लाल, हिरवा, निळा हे रंग पहिल्या तीन पिनांवरून जातात. ओळखीची नोंद जाते बारा आणि पंधरा नंबरवरून. काही स्वस्त केबलींत नेमक्या या दोन तारा गाळलेल्या असतात. चित्र येतं, रंग ठीक दिसतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

एवढ्यानं सगळं सुटलं नाही. काही नोड सकाळी ठणठणीत असत आणि दुपारी बिघडत. लॉग आउट करून पुन्हा आत गेलं की बरे होत. ‘त्यांच्यात व्हायरस आहे’ असं मुलांनी ठरवूनही टाकलं होतं. कक्षाची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाई मामांनी सहज सांगितलं, ‘सर, लाइट जाऊन आली की होतंय बघा हे.’ माझ्या मते त्या सगळ्या तपासातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच.

लाइट आली की पेट्या आपोआप सुरू होत, तशी सोय त्यांच्या बायोसमध्ये केलेली होती. हे मॉनिटर मात्र बटण दाबेपर्यंत बंदच राहत. आता नऊ नंबरची पिन पाहा. तिच्यावरून संगणक मॉनिटरच्या त्या चिपला पाच व्होल्ट पुरवतो, म्हणजे मॉनिटर बंद असला तरी ओळख वाचता यावी. या दुसऱ्या गटाच्या केबलींत बारा आणि पंधरा नंबरच्या तारा होत्या, नऊ नंबरची नव्हती. मॉनिटर आधी चालू असेल तर चिपला त्याच्याच आतून वीज मिळे आणि सगळं सुरळीत होई. बंद असेल तर चिप निर्जीव, नोंद शून्य, आणि नोड पुन्हा १०२४ वर. लॉग आउट केल्यावर पडद्याची यंत्रणा नव्यानं सुरू होते आणि ओळख पुन्हा विचारते. तोवर मुलांनी मॉनिटरचं बटण दाबलेलं असे.

नव्या केबली येईपर्यंत वर्ग थांबवायचा नव्हता. एलटीएसपीच्या मांडणीच्या फाइलमध्ये प्रत्येक नोडसाठी, त्याच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्यानुसार, वेगळं रिझोल्यूशन लिहून ठेवता येतं. पण इथे १३६६ हा आकडाच आडमुठा आहे. त्याला आठनं भाग जात नाही. मोड तयार करून देणारी सीव्हीटी ही आज्ञा रुंदी आठच्या पटीत घेते, म्हणून १३६६ मागितले की १३६८ देते आणि ठिपके पाठवण्याचा वेग ८५.२५ मेगाहर्ट्झ. दोनच ठिपक्यांचा फरक वाटतो, पण एका रेघेची एकूण लांबीच बदलते आणि ॲनालॉग व्हीजीएवर मॉनिटरची मोजणी चुकून पडद्यावर पुसट उभे पट्टे येऊ शकतात.

म्हणून खरा आकडा बऱ्या मॉनिटरच्या नोंदीतूनच काढला. शून्यापासून मोजलं तर ५४व्या बाइटपासून त्याचं आवडतं रिझोल्यूशन सुरू होतं. तिथे सुरुवातीला याच वेगाचे, सोळाच्या पायातले दोन आकडे होते: ६६ आणि २१. ते उलट्या क्रमानं वाचायचे, २१६६. आपल्या नेहमीच्या दशमानात ८५५०. एकक दहा किलोहर्ट्झ, म्हणजे ८५.५ मेगाहर्ट्झ. सरांनी हा हिशेब फळ्यावर मांडला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘मग मॉनिटर आपल्याशी सोळाच्या पाढ्यात बोलतो?’ तो तास मग सोळाच्या पायावरच संपला आणि माझ्या मते तो सत्कारणी लागला.

ज्या कचेऱ्यांत विंडोजचे टर्मिनल आहेत, तिथे दुखणं वेगळं असतं. तिथे सत्राचं रिझोल्यूशन जोडणीच्या वेळी ठरतं. चालू सत्रात पडद्याचा आकार बदलला तर जुन्या आवृत्त्यांत चित्र ताणलं जायचं किंवा कडेला सरकपट्ट्या यायच्या. आरडीपी या विंडोजच्या जोडणी-पद्धतीच्या ८.१ आवृत्तीपासून चालू सत्रातही रिझोल्यूशन बदलता येऊ लागलं. म्हणून तिथे केबल तपासण्याआधी दोन्ही टोकांची आवृत्ती पाहावी.

शाळेत शेवटी उरला सरांचा स्वतःचा नोड. त्याला स्प्लिटर लावून मॉनिटर आणि प्रोजेक्टर दोन्ही जोडलेले होते. प्रोजेक्टर मुळात १०२४ बाय ७६८चा. स्प्लिटरमधून दोघांनाही एकच चित्र जाणार, त्यामुळे दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेलीच. सरांनी क्षणभरही विचार न करता प्रोजेक्टरची बाजू घेतली. भिंतीवरचं अक्षर सगळा वर्ग वाचतो, त्यांच्या मॉनिटरवरचं ते एकटेच. त्या नोडला १०२४ बाय ७६८ हेच कायमचं लिहून दिलं.

नव्या केबली घ्यायला आम्ही दोघं मल्टिमीटर घेऊनच दुकानात गेलो. तोंडाला पंधरा पिना दिसल्या म्हणजे आत पंधरा तारा असतातच असं नाही. दोन टोकांच्या नऊ, बारा आणि पंधरा नंबरला काड्या टेकवून, प्रत्येक ठिकाणी बीप ऐकूनच केबल बाजूला काढली. दुकानदारानं आधी नाक मुरडलं. मग त्यानंच विचारलं की शेजारच्या गावातल्या शाळेला कालच पाठवलेल्या केबलीही अशा तपासून देता येतील का. सरांनी त्या शाळेचा फोन नंबर मागून घेतला.