दोन पेट्यांतली पत्रे

आमच्या लहानपणी गावाकडच्या घरात आलेली पत्रे तारेला टोचून ठेवीत. ओसरीच्या खांबाला ती वाकडी तार लटकत असे. मामाचे पोस्टकार्ड, सोसायटीची नोटीस, लग्नाच्या पत्रिका, सारे एकावर एक. कुणी काही विचारले की वडील म्हणायचे, "तारेला बघ." घर एक, तार एक, त्यामुळे पत्र हरवत नसे.

पुढे नोकरीसाठी मी पुण्यात आलो आणि माझ्या तारा दोन झाल्या. त्यातून जे घडले ते सांगण्याजोगे आहे. आता खेड्यातही घरोघरी मोबाईल आले, आणि बियाण्याच्या बिलापासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत बरेचसे कागद यंत्रातच राहू लागले आहेत.

मी एका लहानशा कंपनीत हिशेबनीस होतो. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. माझ्या हाती ई-मेल आली ती २००४ साली. ऑफिसातल्या संगणकावर मी माझ्या नावाचे टपाल जोडून घेतले. पुढच्या वर्षी घरी एक जुना संगणक घेतला, त्यावरही तेच जोडले. पत्ता एक आणि टपाल उघडायच्या जागा दोन. वाटले, चांगली सोय झाली.

पण मेख तिथेच होती. ई-मेल आली की ती आधी टपाल सांभाळणाऱ्या दूरच्या मोठ्या यंत्रात पडते. तेथून ती आपल्या संगणकात उतरवून घेण्याची जुनी रीत आहे, तिला पॉप म्हणतात. या रीतीत पत्र एकदा उतरवून घेतले की मोठ्या यंत्रातली प्रत बहुधा पुसली जाई. गल्लीतल्या टपालपेटीला दोन किल्ल्या असाव्यात, आणि जो आधी उघडेल त्याने पत्रे घेऊन जावीत, तसा हा प्रकार. सकाळचे पत्र ऑफिसात उतरे, रात्रीचे घरी. प्रत मोठ्या यंत्रातच राहू द्यावी असे संगणकाला सांगता येते, हे मला २००९ मध्ये कळले. तोवर पाच वर्षांचे टपाल दोन घरी विभागले गेले होते.

आता थोडे गावाकडचे सांगतो. सासवडच्या पलीकडे आमची कोरडवाहू जमीन, एक विहीर आणि थोडी अंजिराची बाग. थोरले बंधू, आमचे दादा, सारे बघतात. २००७ च्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तर गोठ्यात खिल्लारी जोडी नव्हती. जेवताना मी बोलून गेलो, "दादा, वडिलांच्या वेळची दावण मोडलीत. एका शब्दानं विचारायचं तरी!" दादा काही बोलले नाहीत. ताटावरून उठले आणि विहिरीकडे निघून गेले.

त्या दिवसापासून आमच्यात काहीतरी तुटले. येणेजाणे राहिले, लग्नकार्ये झाली, पण बोलणे कामापुरते. अंजिराची पेटी पुण्याला येई, सोबत निरोप नसे. मला वाटे, मी खरे बोललो ते त्यांना लागले.

२०१३ साली मी निवृत्त झालो. कंपनीने जुने संगणक काढून टाकले, त्यातला माझा मी मोडीच्या भावात घेतला आणि माळ्यावर ठेवला. २०२४ च्या दिवाळीत घरचा संगणकही धापा टाकू लागला. दादांचा धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, रविवारी जेवायला येतो. तो म्हणाला, "काका, दोन्हीकडचं टपाल एकत्र करून नव्या संगणकात घालून देतो. नाहीतर एक दिवस सगळंच जाईल."

आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. जुन्या संगणकातली माहितीची तबकडी बाहेर काढून नव्याला जोडता येईल अशी एक डबी आणि वायर आणली. पोराने सर्वांत आधी काय केले, तर दोन्ही तबकड्यांची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेवली. म्हणाला, "आधी बियाणं बाजूला काढायचं, मग पेरायला घ्यायचं." शेतकऱ्याचेच पोर ते!

मला वाटले होते, एकीकडचे उचलावे आणि दुसरीकडे ओतावे, दोन राशी एक कराव्यात तसे. त्याने माझा हात धरला. आलेल्या पत्रांचा कप्पा म्हणजे संगणकात एकच मोठी फाईल असते, आणि तिचे नाव दोन्हीकडे सारखेच. एकीच्या जागी दुसरी ठेवली तर ती मिसळत नाही, पहिलीला पुसून टाकते. पाटीवरचे पुसून पुन्हा लिहावे तसे. म्हणून त्याने दोन्ही फायलींतली पत्रे सुटी सुटी काढली आणि थंडरबर्ड नावाच्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामात एका कप्प्यात भरली. आपण पाठवलेली पत्रे वेगळ्या कप्प्यात असतात. ती बहुतेक लोक विसरतात, पण तीही त्याने आठवणीने घेतली.

२००९ नंतरची बरीच पत्रे दोनदा आली. पण प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर, एरवी आपल्याला न दिसणारा, तिचा स्वतःचा क्रमांक असतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. ज्यांचा क्रमांक एकच, त्यातले एक ठेवायचे. मग सारी पत्रे तारखेवार लावली. बाकी राहिले ते पाच वर्षांचे माझे आयुष्य, पहिल्यांदाच सलग.

पोरगा वाचता वाचता एका ठिकाणी थांबला. "काका, हे मी टाईप केलं होतं. सासवडच्या नेट कॅफेत. मी तेव्हा आठवीत होतो."

पत्र दादांचे होते. तारीख २२ मार्च २००७. भाषा मराठी, पण अक्षरे इंग्रजी. कारण तेव्हा मराठी अक्षरांत लिहिलेले दुसऱ्या संगणकावर त्याच जातीचे अक्षर नसेल तर काहीच्या काही दिसे. मजकूर थोडका होता. विहिरीने तळ गाठला आहे, आणखी दोन परस खोल घ्यावी लागेल, वीस हजार कमी पडतात, पुढच्या अंजिराच्या बहाराला फेडीन. शेवटी लिहिले होते, जमत नसेल तरी कळव, राग मानणार नाही.

हे पत्र मी कधी पाहिलेच नव्हते. त्या आठवड्यात मी तापाने घरी पडून होतो आणि घरचा टपालाचा कप्पा रोज उघडून बघत होतो. ऑफिसातला संगणक मात्र चालू होता आणि दर अर्ध्या तासाने माझे टपाल उतरवून घेत होता. कामावर गेलो तो मार्चअखेरीच्या हिशेबात बुडालो, आणि ते पत्र साठसत्तर पत्रांखाली दबून गेले. दादांनी वाट पाहिली आणि बैल विकून विहीर खोदली. वर मी त्यांना दावण मोडल्याचे ऐकवले!

दुसऱ्याच दिवशी पत्र छापून घेतले, स्वारगेटला एस.टी. धरली, आणि दिवे घाट चढताना मनाशी वाक्ये जुळवीत बसलो. घरी पोचल्यावर एकही आठवले नाही. कागद दादांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"आठ दिवस वाट बघितली रे," ते म्हणाले. "मग म्हटलं, त्याची अडचण असेल."

"फोन का नाही केला, दादा?"

"थोरल्यानं धाकट्याकडं तोंडानं पैसे मागायचे? म्हणून तर लिहिलं."

वहिनी चुलीपाशी ऐकत होत्या. "त्या यंत्राला कशाला बोल लावता, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी नंतर विचारलं नाही, आन् तुम्हीबी बैल का विकले ते विचारलं नाही. देवानं दोघांना तोंडं दिली होती की!"

यावर आम्हा दोघांजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी दादा मला विहिरीवर घेऊन गेले. पाणी चांगले होते. सतरा वर्षे त्या पाण्यावर आलेली अंजिरे मी खात होतो.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिली अशी चिठ्ठी पाठवली, तेव्हा ते दोन संगणक शेजारी शेजारीच होते. पोचली की नाही हे मान वळवून बघता येत होते. आपल्याला ती सोय नाही. म्हणून वाचकहो, घरातले जुने यंत्र मोडीत घालण्याआधी त्यात काय आहे ते बघा. आधी प्रत काढा, मग एकत्र करा, आणि ती प्रत दुसऱ्या जागी ठेवा. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये. आणि पत्राला उत्तर आले नाही, तर मनात गाठ मारण्याआधी एकदा विचारा, "माझं पत्र पोचलं का?"