उघडी जखम

चैत्रातला मोह आमचा, तसा अस्वलाचाही. गडचिरोलीच्या जंगलाला लागून आमचं गाव. लहान भाऊ अंधारातच टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेला अन् झाडाखाली दोघांची गाठ पडली. ओरडा ऐकून आम्ही धावलो तोवर अस्वल निघून गेलं होतं. डोक्याची कातडी एका बाजूनं सुटून लोंबत होती, उजव्या हाताला कोपराखाली दातांची खोल भोकं.

डोकं मी दुपट्ट्यानं घट्ट बांधलं. आईनं हळद आणली, ती हाताच्या भोकांत दाबून भरली. जीपमध्ये बसताना वाटलं, काम चोख केलं.

दवाखान्यात सिस्टरनं आधी ती हळदच काढली. साबण अन् वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. भाऊ गुरासारखा ओरडत होता. "घरी विहीर नव्हती का?" तिनं विचारलं. विहीर दारापासून वीस पावलांवर. मी गप्प.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मग रेबीजची लस, अन् वेगळं सीरम. ते वजनावर मोजून देतात अन् सुई जखमेतच, कडेकडेनं टोचतात. जखमा जास्त, म्हणून त्यात सलाईनचं पाणी मिसळून पुरवलं. डोक्याला त्यानंतर सैल टाके घातले, नाहीतर कवटीचं हाड उघडं पडून वाळलं असतं. हात मात्र तसाच उघडा ठेवला.

माझं डोकं फिरलं. "टाके काहून नाही मारत जी? गरीब हाओत म्हणून?"

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "बाबा, दात खोल जातो. वरून शिवलं तर आतली घाण आतच कोंडते, पू धरते."

मला पटलं नव्हतं. रोज ड्रेसिंगच्या वेळी ते लाल मांस बघून मी मनात शिव्याच द्यायचो. चौथ्या दिवशी बाजूच्या खाटेवर एक जण आला. रानडुकरानं मांडी फाडलेली, कुठंतरी घट्ट शिवून घेतलेली. मांडी भोपळ्यासारखी सुजली होती. टाके कापले तेव्हा आलेल्या वासानं मी बाहेर गेलो.

भावाचा हात आतून भरत आला. दोन बोटं अजून वळत नाहीत, पण कुऱ्हाड धरतो.

लस शून्य, तीन, सात, चौदा अन् अठ्ठावीस अशा दिवसांची. शेवटची नेमकी तेंदूपानाच्या तोडणीत आली. "दादा, आता बरा आहो न मी," म्हणून तो अडून बसला. मी गाडी चालू केली अन् आईनं त्याला मागं बसवलं.

तेव्हापासून विहिरीच्या काठावर साबणाची वडी असते. कावळे पळवतात, मी दुसरी ठेवतो.