जांभ्याचे घर

बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते ती तेथील तांबडी माती. घाट संपून साखळीच्या बाजूस गावे लागू लागली, की जुन्या घरांची कुंपणे व भिंती त्याच रंगाच्या दिसतात. जणू घरे जमिनीतूनच उगवून आली आहेत! आणि एका अर्थी ते खरेही आहे. कारण ही घरे जांभ्याची आहेत.

जांभा खाणीत ओलसर व मऊ असतो. त्यामुळे त्याचे चिरे सहज कापता येतात; मग उघड्या हवेत राहून तेच चिरे वाळतात व कठीण होतात. विटेला भट्टी लागते. सिमेंटसाठी तर चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि मनुष्याच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कर्बवायूचा सुमारे आठ टक्के भाग या एका धंद्यातून निघतो. जांभ्याला ऊन आणि वारा पुरतो.

अशा घरात भर वैशाखात पाऊल टाकावे, म्हणजे पूर्वजांचे शहाणपण अंगाला जाणवते. जाड भिंतीतून उन्हाची धग आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. उंच छपरातील कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. ही मंगळुरी कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यावर या किनाऱ्यावर पसरली. दारापुढील बाल्कांव ऊन बाहेरच अडवितो, आणि खिडक्यांत काचेऐवजी बसविलेल्या पातळ शिंपल्यांतून येणारा उजेड डोळ्यांना सौम्य वाटतो. पंख्यावाचून दुपार सुसह्य करण्याची ही युक्ती!

परंतु वाचकहो, या घराची एक अट आहे, आणि ती जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका आपणांस शिकविते. १५९४ साली आरंभिलेले व १६०५ साली अभिषिक्त झालेले हे जांभ्याचे मंदिर पूर्वी चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले होते. १९५० नंतरच्या दशकात तो गिलावा काढण्यात आला. उघडा पडलेला तांबडा दगड पाहून यात्रेकरू मोहून जातात; पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो त्या दगडाला झिजवीत आहे.

जांभ्याला चुन्याचे वस्त्र हवे. चुना पाऊस अडवितो आणि भिंतीत मुरलेला ओलावा बाहेरही जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा तो आतच कोंडून ठेवतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावीत, फुटकी बदलावीत, भिंतीला चुना द्यावा. या वार्षिक कष्टाला कंटाळूनच पुष्कळ कुटुंबे आजोबांचे घर पाडून सिमेंटचे घर उभारतात, आणि मग उन्हाळाभर विजेचे बिल भरीत बसतात.

नवे घर बांधणाऱ्याने जांभा अवश्य वापरावा. मात्र चिऱ्यांच्या खाणींनी डोंगर पोखरले जातात, हेही ध्यानात ठेवावे. ज्याचे जुने घर अद्याप उभे आहे, त्याला नवा दगड काढावाच लागत नाही. पहार हाती घेण्यापूर्वी त्याने एकदा गवंड्याला बोलावून भिंत दाखवावी. बहुधा तिला चुन्याचा एक हात आणि छपराला थोडी कौले, एवढेच हवे असेल.