गंगेकाठचा मुक्काम

नाशिकास मुक्कामाला जाणाऱ्या माणसाला आज जागेची वाण नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या दुतर्फा, तसेच कॉलेज रोड आणि गंगापूर रोड या नव्या वस्त्यांतून, सर्व सुखसोयींनी युक्त अशी हॉटेले उभी आहेत. गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षांचे मळे आणि मद्यनिर्मितीचे कारखाने यांच्या सान्निध्यात ऐसपैस निवासस्थाने झाली आहेत, आणि शनिवार-रविवारी तेथे मुंबई-पुण्याच्या मंडळींची रीघ लागलेली असते. असे असताना गेल्या माघात आम्ही उभयतांनी नाशिकचा बेत केला तेव्हा मी हट्ट धरला तो गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीतच उतरण्याचा, आणि तेही शक्य तर एखाद्या वाड्यात.

या हट्टाला एक पूर्वानुभव कारण होता. काही वर्षांपूर्वी आमचा मुलगा नोकरीनिमित्त इटलीत असताना सिसिली बेटावरील पालेर्मो या शहरी आम्हाला काही काळ राहण्याचा योग आला, आणि समुद्रकिनाऱ्यावरचे शुभ्र हॉटेल सोडून मुलाने आमची सोय केली ती बाल्लारो नावाच्या पुरातन बाजारालगतच्या एका जुनाट घराच्या वरच्या मजल्यावर. पहाटे भाजीवाल्यांच्या आरोळ्यांनी जाग यावी, खाली उतरताच हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चपट्या वड्या पावात घालून देणाऱ्याच्या गाड्याशी उभे राहून न्याहारी करावी, दुपारी सारे शहर दारे लोटून निजले की आपणही निजावे आणि उन्हे कलल्यावर माणसे केवळ एकमेकांना भेटण्यासाठी रस्त्यावर येतात त्यांच्यात मिसळावे, असा तो दिनक्रम होता. बाजार आणि देवालय यांच्यामध्ये जो उतरतो त्याला शहराची दिनचर्या आपोआप लागते, आणि जो दूर उतरतो त्याला ती पैसे मोजूनही सापडत नाही, हे तेथे माझ्या मनाशी पक्के झाले. भूमध्य समुद्राकाठी जे खरे ठरले ते गोदाकाठी का खरे ठरू नये, हा विचार तेव्हापासून मनात घर करून होता.

एका स्नेह्यांच्या ओळखीने जुन्या नाशकात, सराफ बाजारापासून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीतल्या वाड्याची माडी मिळाली. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरावे, तर फरसबंद चौक, चौकाच्या चारी अंगांना सागवानी खांबांच्या ओसऱ्या, खांबांखाली काळ्या दगडाची जोती, आणि वर पाहावे तर चौकोनी आकाश. रस्त्याच्या बाजूने जवळजवळ कोरी भिंत आणि सारे जीवन आतल्या चौकाकडे तोंड करून, ही रचना स्पेनातील सेव्हिल शहराच्या घरांतूनही आढळते; कडक उन्हाच्या मुलखात माणसांनी सावली आणि एकांत एकाच युक्तीने साधला आहे. माडीला कडीपाट होते, भिंतींतून कोनाडे होते, आणि खिडकीशी उभे राहिले की घरांच्या कौलांवरून नदीपलीकडची पंचवटीतील देवळांची शिखरे दिसत. स्नानाच्या पाण्यासाठी चौकात तांब्याचा बंब पेटत असे. त्या धुराचा वास सकाळी अंथरुणापर्यंत येई, आणि मला तो अत्यंत प्रिय झाला.

वाड्याच्या मालकीणबाई, ज्यांना सारी गल्ली काकू म्हणते, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, "गंगेवर जाऊन आलात का?" नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "आलो नाही अजून," म्हणताच, "मग आधी जाऊन या, जेवण काय, थांबेल," असे त्यांनी सांगितले. आम्ही गेलो. दुतोंड्या मारुतीच्या पायांपर्यंत पाणी नव्हते. पावसाळ्यात ते त्याच्या कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पुराचे मान ठरविण्याची नाशिककरांची वहिवाट आजही चालू आहे. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटा, जी चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आली असे सांगतात, आणि वर नंदीवाचून असलेले कपालेश्वराचे स्थान. रामकुंडाच्या पायऱ्यांवर पाऊल टाकताच एका वृद्ध गुरुजींनी तो प्रश्न केला जो शतकानुशतके तेथे प्रत्येक परक्या माणसाला केला जात आला आहे: "आडनाव काय, गाव कोणतं?"

मी राजापूर तालुक्याचे नाव सांगितले. "मग तुमची नामावळी आमच्याकडे नाही," ते तत्काळ म्हणाले. "कोकणपट्टी दुसऱ्या घराकडे. पण चला, दाखवतो." मुलूख आणि ज्ञाती यांनुसार यजमानांची वाटणी झालेली असते, आणि दुसऱ्याच्या यजमानास आपल्या दप्तरात ओढायचे नाही हा शिरस्ता पाळला जातो. ज्यांच्या घरी आम्ही गेलो त्यांनी लाल फडक्यात बांधलेले बाड सोडले. लांबट, जाड कागदाची पाने, कडा काळवंडलेल्या, वाळवीने एका कोपऱ्यात जाळी केलेली. प्रथम तालुका, मग गाव, मग घराणे, अशा क्रमाने त्यांनी पाने उलटली आणि अल्पावधीतच बोट एका ओळीवर टेकवले. शके १८५४, भाद्रपद. सिंहस्थानिमित्त आगमन. माझ्या आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव, बरोबर आलेल्या आजीचे आणि धाकट्या आत्याचे नाव, आणि खाली मोडीत आजोबांची सही, जिच्यातील शेवटच्या अक्षराचा फाटा त्यांच्या घरच्या कागदपत्रांत असतो तसाच उजवीकडे लांब ओढलेला होता. गुरुजींनी सांगितले की त्या काळी यजमान याच घराच्या ओसरीवर उतरत, त्यांचा शिधा येथेच शिजे, आणि जाताना ही नोंद होई. नोंद म्हणजे पुढच्या पिढीला याच ओसरीवर हक्काने उतरण्याची सनदच होती. तीर्थयात्रेच्या मुलखात निवासाचा बंदोबस्त कोणत्याही सरकारने केला नव्हता तेव्हा तो या बाडांनी केला, आणि अपरिचित शहरात संध्याकाळी पोचलेल्या बायकामुलांना उंबरठा मिळवून दिला, ही गोष्ट मी लहान मानीत नाही.

परंतु ते साल माझ्या मनातून जाईना. शके १८५४ म्हणजे इसवी सन १९३२. त्या घरापासून हाकेच्या अंतरावर, सरदार रंगराव ओढेकर यांनी पेशवाईत बांधलेल्या काळाराम मंदिराच्या दारी, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य मानलेल्या लोकांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून, सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड तो नेटाने चालवीत होते, आणि माझे आजोबा सिंहस्थ साधून घरी परतले तेव्हाही मंदिराचे दरवाजे त्या माणसांना मिटलेलेच होते. आजोबांना नाशकात ओसरी होती, शिधा होता, वहीत पूर्वजांची ओळ होती. खेड्यापाड्यांतून पायी आलेल्या त्या हजारो सत्याग्रहींना पंचवटीतील कोणत्या ओसरीवर पथारी पसरता आली असती? नामावळीच्या त्या पानावर याविषयी एक अक्षर नाही, आणि असणार तरी कसे? ज्याला उतरू दिले त्याचेच नाव वहीत येते. आतिथ्याचा आमचा जो प्राचीन अभिमान आहे त्याची जमा मांडताना ही बाकीही त्याच पानावर मांडली पाहिजे असे मला तेथे, ते बाड मांडीवर असताना, अगदी तीव्रतेने वाटले.

हे ओळखून ज्याने प्रत्यक्ष विटा रचल्या तो पुरुष गाडगे महाराज. पंढरपुरास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, ती पुढे १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपविली. नाशकातही त्यांची धर्मशाळा आहे, आणि गोदावरीवरचा एक पूल त्यांचे नाव धारण करून उभा आहे. लोकांसाठी लाखो रुपयांच्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या निवाऱ्यासाठी त्यांतले काही घेतले नाही, आणि अन्न घेतले ते मडक्याच्या खापरात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या धर्मशाळेवरून गेलो. ओट्यावर कोणा खेड्यातील कुटुंब बोचकी सोडून बसले होते, म्हातारी भाकरीचे चार तुकडे करून मुलांच्या हाती देत होती, आणि तिला तिची जात विचारणारा तेथे कोणी नव्हता. आज लॉजवर आधार कार्ड मागतात. कार्ड दाखवले, भाडे भरले की खोली कोणालाही मिळते, आणि ज्यांना जुन्या ओसऱ्यांची हळहळ वाटते त्यांनी हा लाभ विसरू नये.

आता जेवणाखाण्याविषयी, कारण गावात राहिल्याचे खरे फळ तेथेच पदरात पडते. नाशिकची सकाळ मिसळीची आहे. ती उशिरा खाण्याची वस्तू नव्हे. रस्सा सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत जसा असतो तसा मग राहत नाही. पंचवटी कारंजाच्या बाजूला ज्या दुकानात आम्ही नित्य जात असू तेथे बाकांवर जागा मिळेल तेथे बसायचे, शेजारी हमाल असो, वकील असो की बस डेपोतला वाहक असो. बशीत प्रथम मोड आलेली मटकी, तीवर जाडी शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. मग काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्यात भाजलेले खोबरे आणि कांदा इतका खोल गेलेला असतो की वरचा तवंग लालाऐवजी काळपट तांबूस दिसतो. सोबत पाव, लिंबाची फोड, दही, आणि भाजलेला पापड, जो इतर गावच्या मिसळीत सहसा नसतो. पापड रश्शात चुरून खाणारे आणि तो बाजूस ठेवून शेवटी खाणारे असे दोन पक्ष आहेत. माझी पत्नी पहिल्या पक्षाला मिळाली. एक मुलगा रश्शाची किटली घेऊन बाकांमधून फिरत असतो, आणि "रस्सा देऊ, काका?" म्हणत उत्तराची वाट न पाहता ओततो. त्या वाढप्याचा हात आखडता नाही, हीच त्या दुकानाची प्रतिष्ठा.

उपवासाच्या दिवशी मेन रोडच्या बाजूला सायंताराचा साबुदाणा वडा, गोडासाठी बुधा हलवायाची जिलबी, आणि घरी न्यावयास कोंडाजी चिवडा, ही नावे नाशकात कोणीही पत्त्यावाचून सांगेल. संध्याकाळी पाववडा. पावात बटाट्याची भाजी भरून तो सबंध पावच हरभऱ्याच्या पिठात बुडवून तळतात. बाल्लारोच्या गाड्यावर हेच पीठ पावाच्या आत होते, येथे ते पावाच्या बाहेर आले आहे. दोन्हीकडे गरिबाची भूक कमी पैशांत आणि उभ्याउभ्या भागवण्याची गरज एकच होती, आणि ती हरभऱ्याने भागवली. दुपारचे जेवण आम्ही भद्रकालीजवळच्या एका साध्या खाणावळीत घेत असू: बाजरीची भाकरी, शेवभाजी, वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. खानदेश नाशिकच्या उत्तरेस लागूनच आहे हे नकाशाइतकेच त्या ताटावरूनही कळते.

रात्री जेवणानंतर तिवंधा चौकाकडून फिरून येण्याचा आमचा परिपाठ होता. त्या चौकाच्या जमिनीखाली पेशवेकालीन रहाड आहे, म्हणजे दगडाने बांधलेला रंगाचा हौद, जो वर्षभर बुजवून ठेवतात आणि केवळ रंगपंचमीला उघडतात. रंग उकळवून आत ओततात आणि गल्लीतले लोक त्यात उड्या घेतात. आम्ही चालत होतो त्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, एक आजोबा ओट्यावर बसून नातवाकडून पाढे म्हणवून घेत होते, आणि त्यांनीच आम्हाला थांबवून, रहाड नेमकी कोठून कोठवर आहे ते काठीने आखून दाखवले. "रंगपंचमीला या," ते म्हणाले, "आमच्याकडेच उतरा."

पुढचा सिंहस्थ २०२७ साली आहे. त्या पर्वात गंगेकाठी जागा मिळणे दुरापास्त होईल, आणि ज्यांना पर्वणी साधायची त्यांनी ती अवश्य साधावी. परंतु ज्यांना शहरात राहून शहर जाणायचे आहे त्यांनी माघ-फाल्गुन धरावा. भूमध्य समुद्राकाठी द्राक्षे कोरड्या उन्हाळ्यात पिकून भाद्रपद-आश्विनात उतरतात. नाशिकचा शेतकरी उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी अशी वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावून तिच्याकडून माघ-फाल्गुनात फळ घेतो, आणि त्या दिवसांत रविवार कारंजापासून मालेगाव स्टँडपर्यंत हातगाड्या घोसांनी लवलेल्या असतात. मुक्कामात एक बुधवार येईल असे पाहावे, कारण त्या दिवशी गंगेवर आठवड्याचा बाजार भरतो. आम्ही तेथून मेथी, ओला लसूण आणि वाल घेऊन आलो. काकूंनी पिशवी हातातून काढून घेतली, आणि पत्नीला चौकात बोलावून दोघी वाल सोलावयास बसल्या.