तुझा पीएफ कोण कापतं?

हातात जास्त पैसे! कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना याहून गोड शब्द कुठला? मी इंटिरियर डिझायनर. राहते बदलापूरला, साइट्स ठाणे ते दादर, आणि फर्निचरसाठी फेऱ्या उल्हासनगरच्या मार्केटात. महिन्याचं बिल ७० हजार. नोकरीतल्या मैत्रिणी म्हणतात, 'मजा आहे बुवा तुझी!'

मजा आहेच. पण आमचे बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आमचा वन बीएचके त्यांच्या पीएफवरच उभा राहिला. ते एकदा म्हणाले, "अगं, तुझा पीएफ कोण कापतं?"

"बाबा, माझा टीडीएस कापतात की!"

"तो सरकारचा. तुझ्या म्हातारपणाचं काय?"

मग कॅल्क्युलेटर काढला. नोकरदाराचा मूळ पगार २५ हजार असेल, तर १२ टक्क्यांनी तीन हजार त्याचे जमा होतात आणि तेवढेच कंपनी घालते, पीएफ आणि पेन्शन मिळून. शिवाय ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. आपल्याला यातलं काहीच नाही. वर राज्य सरकारचा वर्षाला अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स आहे, तोही आपणच भरायचा.

आता टीडीएस. माझ्या फीतून १० टक्के, म्हणजे महिन्याला सात हजार कापले जातात. वर्षाचे झाले ८४ हजार. हा अंतिम टॅक्स नव्हे, नुसता अ‍ॅडव्हान्स! २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य. म्हणजे रिटर्न भरला की माझे ८४ हजार परत. न भरणारा हक्काच्या पैशावर पाणी सोडतो. उत्पन्न मोठं असेल, तर मात्र उलटं. टीडीएस पुरत नाही आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा पाळाव्या लागतात.

हा रिफंड आला की गोव्याचं बुकिंग करावंसं वाटतं. मी तो थेट पीपीएफमध्ये टाकते. वर्षाला दीड लाखाची मर्यादा, १५ वर्षांची मुदत. नव्या करप्रणालीत त्यावर वजावट नाही, हे खरं. पण मला भाऊ नाही. उद्या आई-बाबांचं मी बघणार, आणि माझं? तिथे वजावट कामाची नाही, शिल्लक कामाची.

तेव्हा दोस्तहो, पुढचा रेट सांगताना पीएफ, रजा, मेडिक्लेम सगळं त्यात धरा. नोकरीत हे एचआर बघतं. आपल्याकडे एचआर, अकाउंट्स आणि शिपाई, सगळं आपणच!