मुका मार

आपल्याकडे एक शब्द फार सहज वापरतात : मुका मार. माणूस पडला, आपटला, पण रक्त नाही, हाड मोडलं नाही... मग "काही नाही, मुका मार आहे" म्हणायचं, आंबेहळदीचा लेप लावायचा आणि कामाला लागायचं.

काही वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ अहमदपूरजवळ मोटारसायकलवरून पडला. हँडल पोटाला डाव्या बाजूला लागलं. वरून साधं खरचटलंही नव्हतं. उठला, गाडी सरळ केली, घरी येऊन चहा प्यायला. दोनेक तासांनी दरदरून घाम, चेहरा पांढराफटक, उभं राहिलं की अंधारी. नांदेडला नेलं. सोनोग्राफीत प्लीहेभोवती रक्त साचलेलं दिसलं. पोट उघडून प्लीहा काढावी लागली, तेव्हा तो वाचला. आज तो शेती करतो.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने आतलं रक्त दिसतं, तर त्याच आवाजाने ते थांबवता नाही का येणार?

तत्त्वतः येतं! लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलाय ना? तसंच. ध्वनिलहरी बाहेरून एका बिंदूवर एकवटायच्या. मधल्या कातडीला फारसं काही होत नाही, पण त्या बिंदूवर इतकी उष्णता होते की फुटलेली रक्तवाहिनी मिटते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९९०च्या दशकात प्राण्यांच्या यकृताचा आणि प्लीहेचा रक्तस्राव असा थांबवून दाखवला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा'ने जखमी सैनिकाच्या हातापायाला गुंडाळायच्या अशाच पट्ट्यावर काम करवून घेतलं.

मग अडलं कुठे? गर्भाशयातल्या गाठींसाठी हे तंत्र अमेरिकेत २००४ मध्येच मंजूर झालं, पण गाठ एका जागी बसून असते. पोटातलं यकृत श्वासागणिक हलतं, फासळ्या आणि आतड्यातला वायू लहरींना अडवतात, आणि गळती नेमकी कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. म्हणून पोटाच्या अपघातात हा नेहमीचा उपचार अजून झालेला नाही.

आणि उद्या झालाच, तरी लोहा-चाकूरच्या रस्त्यावर तो पोचेल का? आपल्याकडे सोनोग्राफीच्या फिरत्या यंत्रांवर कडक बंधनं आहेत. ती असायलाच हवीत. पोटातल्या मुली शोधून मारल्या गेल्या म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. जीव वाचवू शकणाऱ्या यंत्राला साखळी घालावी लागली, ती आपल्याच करणीमुळे. याचं वाईट वाटतं.

असो. हाताशी जे आहे तेही थोडं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या चाचणीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने मृत्यू कमी झाले. अट एकच : ते पहिल्या तीन तासांत द्यायला हवं. सगळं घोडं तिथेच अडतं. हे तीन तास दवाखान्यात नाही, घरी लेप लावण्यात जातात.

तेव्हा मंडळी, पोटाला मार लागल्यावर घाम सुटला, अंधारी आली किंवा काही न लागताही डावा खांदा दुखू लागला, तर हळद राहू द्या. १०८ ला फोन करा.